चिकलठाण्याची सुतळी

दाराच्या कडेनं बोट फिरवलं की गाडीनं किती उन्हाळे काढलेत ते कळतं. मराठवाड्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा त्याहूनही कितीतरी तापतो, आणि दाराभोवतीचं काळं रबर हे रोज सोसतं. आधी त्याची चमक जाते, मग लवचीकपणा जातो, मग कोपऱ्यांवर केसाएवढ्या चिरा पडतात. गिऱ्हाईक मात्र तेव्हा येत नाही. ते येतं जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, पायाखालची गादी ओली झाल्यावर.

माझा धंदा या रबरांचा, काचांचा आणि गाडीच्या अंगावरच्या पट्ट्यांचा. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मोटारउद्योगावर जेव्हा जेव्हा काही छापून येतं तेव्हा त्यात कारखान्यांची नावं असतात, गुंतवणुकीचे कोटी असतात, रोजगाराचे आकडे असतात. माझ्यासारख्यांच्या कामाचा त्यात उल्लेख नसतो. असलाच तर असा सूर असतो की कारखाने आले आणि त्यांच्या सावलीत गॅरेजवाले तयार झाले. हे खरं नाही. बाहेरचं पाणी आणि वारा गाडीच्या आत येऊ न देण्याचं कसब या शहराला मोठ्या कारखान्यांनी दिलेलं नाही. ते त्यांच्या आधीपासून इथे होतं, आणि माझ्यापर्यंत ते एसटीच्या बसमधून आलं.

निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. तिकडे मुंबई प्रांतात एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. तेव्हा मराठवाडा अजून निजामाच्याच राज्यात होता. तो मोकळा झाला त्याच वर्षी १७ सप्टेंबरला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे आमच्याकडेही एसटीच धावू लागली.

पुण्याहून निघालेली ती पहिली बस बेडफर्ड कंपनीची होती. तिची बॉडी लाकडी होती आणि आसनांत काथ्या भरलेला होता. माझ्या कामाच्या दृष्टीनं यातली लाकडाची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. लाकडी चौकट पावसाळ्यात फुगते आणि फटी आपोआप बुजतात. उन्हाळ्यात ती आकसते आणि धूळ आत येते. बसची बॉडी म्हणजे तेव्हा सुताराचं काम होतं, आणि सुताराला फटीची सवय असते. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि पोलादी सांगाडे आले तेव्हा ही सोय गेली. धातू पावसानं फुगत नाही. उन्हानं तो वाढतो खरा, पण फट बुजवण्यापुरता नाही. दोन कडक कडा एकमेकींना टेकल्या की त्या आपटतात, वाजतात आणि मधून पाणी जातं. मग त्यांच्यामध्ये काहीतरी मऊ घालावंच लागतं. गाडीतल्या रबराचा जन्म या गरजेतून झाला.

एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत: पुण्याजवळ दापोडी, नागपूरजवळ हिंगणा आणि आमचं चिकलठाणा. इथे बसच्या बॉड्या बांधल्या जातात. कंपनीकडून नुसती चेसिस येते, म्हणजे चाकं, इंजिन आणि उघडा सांगाडा. त्याच्यावर छत, बाजू, खिडक्या, दारं, आसनं चढतात आणि बस तयार होऊन बाहेर पडते. मोटारीची बॉडी म्हणजे काय हे या शहरातले कामगार हातानं शिकले ते इथे. माझे उस्ताद याच कार्यशाळेत काचा आणि रबरं बसवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी छोटं दुकान घातलं आणि मी त्यांच्या हाताखाली लागलो.

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट होती सुतळी. जुन्या बसची पुढची काच चिकटवलेली नसायची. ती रबराच्या जाड कडीत बसलेली असायची. या कडीला दोन खाचा असतात, एकीत काच बसते आणि दुसरीत पत्र्याची कड. आता एवढी मोठी, जड काच आणि तिच्याभोवतीचं ताठ रबर पत्र्यावर चढवायचं कसं? हातानं ओढलं तर रबर फाटतं, पान्यानं उचकलं तर काच तडकते. म्हणून आधी रबर काचेभोवती बसवून घ्यायचं. मग पत्र्याच्या खाचेत पूर्ण गोल फिरवून सुतळी घालायची आणि दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून नेऊन गाडीच्या आत सोडायची. कडांना साबणाचं पाणी लावायचं. एकानं बाहेरून तळहातानं काच दाबून धरायची, दुसऱ्यानं आत बसून सुतळीचं टोक हळूहळू काचेच्या मध्याकडे ओढत राहायचं. सुतळी खाचेतून निघताना रबराचा आतला ओठ उचलते आणि पत्र्यावर चढवत जाते. बाहेरचा हात नेमका तिथेच हवा जिथे आत सुतळी सुटते आहे. दोघांना एकमेकांचे चेहरे काचेतून दिसत असतात, त्यामुळे बोलावं लागत नाही. एक संपूर्ण फेरा झाला की काच जागेवर. शेवटी रबराच्या बाहेरच्या खाचेत फिलरची पातळ पट्टी घालायची. ती पाचरीसारखी बसते आणि सगळं घट्ट धरून ठेवते.

ही युक्ती चिकलठाण्यात शोधली गेली असं मी म्हणत नाही. जगभर काचा अशाच बसवल्या जात. पण या शहरात ती शेकडो हातांना ठाऊक झाली ती या कार्यशाळेमुळे, आणि फियाट आणि अ‍ॅम्बेसिडरच्या काचा बसवायला शहराला बाहेरून माणूस आणावा लागला नाही.

उस्तादांची दुसरी शिकवण पाण्याची होती. ते सांगायचे की पाण्याला अडवत बसायचं नसतं, त्याला वाट द्यायची असते. नव्या माणसाला वाटतं की दारात एक थेंबही शिरू नये. खरं तर खिडकीच्या काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटात जातच असतं. बाहेरची पट्टी, जिला आम्ही आऊटर म्हणतो, ती बहुतेक पाणी पुसून काढते. उरलेलं आत उतरतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून खाली पडतं. काळ्या मातीची धूळ त्या भोकांत साचून घट्ट झाली की पाणी दारातच राहतं आणि पत्रा आतून सडतो. म्हणून रबर विकण्याआधी दाराखालची भोकं तारेनं साफ करायची, हा आमच्या दुकानाचा नियम त्यांच्यापासून आहे. पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं आणि गिऱ्हाईक पैसे न देता जातं. जाऊ द्यावं.

त्या काळी गाडी म्हणजे अ‍ॅम्बेसिडर किंवा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट. फियाट ११०० डिलाइट १९६४ मध्ये आली, पुढे तिचीच पद्मिनी झाली आणि २००० च्या आसपासपर्यंत ती बनत राहिली. पद्मिनीच्या पुढच्या दारात एक तिकोनी काच असायची, फिरवून उघडता येणारी. हवा छान यायची. पण तिचं रबर तीन कोपऱ्यांचं, मधे फिरता खिळा, आणि खिळ्याजवळ रबर सगळ्यांत आधी झिजणार. पावसात ड्रायव्हरचा उजवा गुडघा ओला झाला की आम्ही न बघताच तिकोनी काचेचं रबर काढायला घ्यायचो. नवा भाग इथे मिळाला नाही तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून यायचा.

फियाटच्या अंगावरच्या चकचकीत पट्ट्या हा आणखी वेगळा विषय. लोक त्यांना दागिना समजतात. माझ्या लेखी ती सगळ्यांत धोकादायक जागा. पट्टी क्लिपांवर बसते आणि प्रत्येक क्लिपेसाठी पत्र्याला भोक असतं. भोकाच्या कडेचा रंग क्लिपेच्या घर्षणानं जातो, पट्टीमागे ओल टिकून राहते आणि गंज तिथून सुरू होतो. वरून पट्टी चकाकत असते. म्हणून पट्टी बदलताना भोकाच्या कडेला रंगाचा हात मारायचा, तो वाळू द्यायचा, क्लिपेला ग्रीस लावायचं आणि मगच ती बसवायची. याला वेळ लागतो, आणि ते करणाऱ्याचं काम दिसत नाही.

रबर मरतं कशानं, हे मला बऱ्याच उशिरा एका रबर कारखान्यातल्या अभियंत्यानं समजावलं. झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराच्या लांब साखळीत जागोजागी दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन नेमका तिथे घाव घालतो आणि साखळी तुटते. ताणलेल्या जागी आधी तुटते, म्हणून चिरा कोपऱ्यावर पडतात. १९६० च्या दशकात ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर बाजारात आलं. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, ते बाजूच्या फांद्यांवर असतात. ओझोन आणि ऊन त्याला फार काळ खाऊ शकत नाहीत. आज दारांची बहुतेक रबरं याचीच असतात. त्याचा एक शत्रू मात्र आपल्याकडे घरोघरी आहे: डिझेल आणि रॉकेल. रबर काळंभोर दिसावं म्हणून धुणारी मुलं डिझेलचा बोळा फिरवतात. आठवडाभर चमकतं, मग ईपीडीएम तेल पिऊन फुगतं, मऊ पडतं आणि जागा सोडतं. त्याला सिलिकॉनचं ग्रीस हवं, तेही नखभर. तेवढं वर्षातून दोनदा लावलं तर रबराचं आयुष्य वाढतं.

१९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि शहराची चाल बदलली. आमच्या कामाशी स्कूटरचा थेट संबंध नव्हता, पण त्या कारखान्याभोवती सुटे भाग करणारे आले, प्लास्टिकचे साचे आले, रबर दाबणारी यंत्रं आली. पुढे सुटे भाग करणाऱ्या वारोक कंपनीनंही प्लास्टिकच्या भागांपासूनच इथे सुरुवात केली. धातूच्या पट्टीची जागा प्लास्टिकची पट्टी घेणार हे आम्हाला वाळूजकडे बघूनच कळलं.

गरवारेंच्या फिल्मबद्दलही सांगायला हवं. गाडीच्या काचेला लावायची सनकंट्रोल फिल्म या शहरात तयार होते आणि देशभर जाते. शहरातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीला ती असायची. फिल्म काचेच्या आतल्या बाजूनं लागते आणि काच खालीवर होताना आतली पट्टी तिला घासते. पट्टी जुनी असेल, तिच्यात रेती अडकली असेल, तर फिल्मवर उभ्या रेघा पडतात. म्हणून फिल्म लावणारे आधी गाडी आमच्याकडे पाठवायचे. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं काचांवरच्या फिल्मला मनाई केली आणि काही महिने आम्ही फिल्म काढण्याचंच काम करत होतो, कारण तिचा गोंद पट्टीत उतरून काच अडकायची.

शहराजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला. परदेशातून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या आणि इथे ऑक्टाव्हिया जोडली जायची. दार बंद केल्यावर येणारा तिचा आवाज ऐकायला लोक मुद्दाम दार उघडून पुन्हा लावायचे. तो भरीव आवाज नुसत्या जाड पत्र्याचा नव्हता, रबराचाही होता. त्या दारांना एकाआड एक असे अडथळे होते आणि प्रत्येक रबराचा छेद वेगळा. पत्र्याच्या कडेवर चढणाऱ्या भागात पोलादी फासळ्या, म्हणजे तो स्वतःच घट्ट पकडतो. त्याच्यावर स्पंजसारखी पोकळ नळी, जी दारानं दाबली जाते. काच ज्या चॅनलमध्ये सरकते तिच्या आत मखमल. ती मखमल विणलेली नसते. नायलॉनचे बारीक तंतू विजेच्या भारानं उभे करून गोंदावर रोवलेले असतात. बसच्या खिडकीच्या चॅनलमध्ये उस्ताद कापडाची पट्टी चिकटवायचे. काम तेच होतं: काच सरकली पाहिजे, पण खडखडली नाही पाहिजे.

याच ऑक्टाव्हियाची आरएस ही आवृत्ती २००४ च्या सुमारास आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. आरएस म्हणजे रॅलीशी नातं सांगणारी अक्षरं. ती दोन दारांची नाही, छत उघडत नाही, म्हणून तिला स्पोर्ट्स कार म्हणायला काही जण तयार नसतात. त्याच सुमाराच्या गोव्याच्या सॅन स्टॉर्मचं ते नाव घेतात: फायबरग्लासची, दोघांपुरती, रेनॉचं इंजिन असलेली. त्यांचं म्हणणं शब्दाला धरून बरोबर आहे, आणि उघड्या छताच्या गाडीचं रबर बसवणं जास्त अवघड असतं हेही खरं. तिथे दाराला वरची चौकटच नसते, काच नुसती जाऊन छताच्या रबराला टेकते आणि केसभर तिरकी असली तरी शिट्टी वाजते. पण माझ्या शहराची वेगवान गाडी कोणती असं विचारलंत तर मी आरएसच सांगेन.

त्या पहिल्या आरएस आता वीस वर्षांच्या झाल्या. आताचे मालक बहुतेक तरुण आहेत, जुनी घेऊन हौसेनं उभी करणारे. त्यांची गाडी आली की मी आधी पाणी मारतो, खालून वर, कारण वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि गळतीची जागा सापडत नाही. मग दारात नोट ठेवून दार लावायचं आणि नोट ओढून बघायची. जिथे ती सहज निघते तिथे रबर मेलेलं. मग रबराला खडू फासून दार लावायचं. पत्र्यावर खडूची रेघ जिथे तुटते तिथे दार नीट टेकत नाही. रेघ तुटलेली असेल तर आधी दाराचं कुलूप आणि बिजागरी बघायची. वाकड्या दाराला नवं रबर घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

रबर ताणून कधी बसवू नये. ताणलं की बसवणं सोपं जातं, कोपरे गुळगुळीत दिसतात, आणि काही महिन्यांत ते मूळ लांबीला परत येतं आणि सांधा उघडतो. थोडं जास्त कापायचं आणि दाबत दाबत बसवायचं. सांधा खाली, उंबऱ्यापाशी घ्यायचा. वर कधीच नाही. मूळ रबर मिळेनासं झालं की लोक बाजारातला गुंडाळा आणतात. त्याची नळी जाड निघाली तर दार लागत नाही, मग ते आपटून लावतात आणि कुलूप खिळखिळं होतं. म्हणून मी जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून त्याचा छेद नव्याशी जुळवून बघितल्याशिवाय मीटरभरही घेत नाही.

बाजूची पट्टी आता क्लिपेवर कमी आणि फोमच्या चिकटपट्टीवर जास्त असते. ती उचकटली तर रंग घेऊन निघते. हेअर ड्रायरनं तापवायची आणि मागून तंगूस घालून करवतीसारखा ओढायचा. पतंगाचा, मासेमारीचा तोच नायलॉनचा दोरा. गोंद कापला जातो, रंगाला ओरखडा येत नाही. नवी पट्टी लावल्यावर चिकटीला पूर्ण पकड यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर गाडी धुवायची नाही. पोरं ऐकत नाहीत, गाडी त्याच संध्याकाळी धुऊन चमकवायची असते.

ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर गाजावाजा झाला. त्याच मराठवाड्यात शेतकऱ्याला कर्जासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागत होत्या, आणि ही बातमी मला तेव्हाही बोचली, आजही बोचते. माझ्या धंद्यात त्या खरेदीनं फारसा फरक पडला नाही.

फरक पडला रस्त्यानं. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. शहराजवळ सावंगी आणि माळीवाडा इथून त्यावर चढता येतं. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. त्याआधी जालना रोडवर साठनं जाणाऱ्या गाडीत वाऱ्याचा आवाज कुणाच्या कानाला लागत नव्हता. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. वर्षानुवर्षं ठीक वाटलेली रबरं समृद्धीवर शिट्ट्या मारू लागली. पाण्याच्या तक्रारी जूनमध्ये यायच्या, वाऱ्याच्या बारा महिने येतात. जुनी आरएस असो की नवी कुठलीही गाडी, माझ्याकडच्या कामाला खरी धार आली ती या रस्त्यानं.

आता बिडकीनला विजेवरच्या गाड्यांचे मोठे प्रकल्प येऊ घातले आहेत. विजेच्या गाडीत इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे दाराच्या फटीचा बारीकसा सूरही आत स्पष्ट ऐकू येतो. अशा गाड्या माझ्याकडे येऊ लागल्या आहेत. शिट्टी कुठून येते ते शोधायला मी रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी वापरतो. दाराच्या, काचेच्या, आरशाच्या सगळ्या फटी बाहेरून बंद करायच्या, सावंगीवरून समृद्धीला लागायचं, आणि मग थांब्यावर थांबून एकेक पट्टी काढत पुन्हा चालवून बघायची. ज्या पट्टीनंतर सूर परत येतो, ती जागा. उस्ताद हे बसच्या पुढच्या काचेसाठी करायचे, फक्त त्यांच्याकडे कागदी पट्टीऐवजी भिजवलेली चिकणमाती होती. हाताखालच्या मुलांना मी सुतळीनं काच बसवणंही शिकवतो. चिकटवलेल्या काचांच्या जमान्यात ते कशाला, असं ते विचारतात. शहरात फियाट आणि जीप ठेवणारे लोक अजून आहेत, आणि त्यांच्या काचा सुतळीनंच बसतात.